लाल शिडांखाली हात कमी पडताहेत

प्रति,
आयर्लंडमधली सगळी मराठी मंडळं आणि मराठी घरं

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणं आटोपत आली होती तेव्हा मी आपल्यातल्या काही जणांपाशी एक विषय काढला होता. गॉलवेच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावर एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या शिडाच्या बोटीचं काम चाललंय, माणसं कमी पडतात, महिन्यातला एखादा शनिवार देता येईल का, असं विचारलं होतं. उत्तर आलं, ‘चांगलंच आहे रे, पण आपलं काय त्यात?’

बोलणाऱ्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. घराचे हप्ते, मुलांचे क्लास, परमिटची कागदपत्रं, तिकडे गावी एकटे राहणारे आईवडील, यातून माणसाला शनिवार तो केवढा उरतो! पण तो प्रश्न मी घरी घेऊन आलो. त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हतं. वर्षभर लाकूड घासताना ते थोडं थोडं सापडत गेलं, म्हणून हे पत्र.

आधी बोटीबद्दल. ती तुम्हा सगळ्यांनी पाहिली आहे. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना स्पॅनिश आर्चपाशी नेतो आणि कॉरिब नदीच्या पलीकडे, क्लाडाच्या धक्क्याला लागलेल्या काळ्या बोटींसमोर उभं करून फोटो काढतो. काळंभोर डांबरी अंग, तांबूस लाल शिडं, एकच डोलकाठी, मागे मोठं शीड आणि पुढे दोन लहान. हीच गॉलवे हुकर. तिच्यात चार जाती. सर्वांत मोठी ‘बॉड मोर’, पस्तीस ते चव्वेचाळीस फुटांची. तिच्याखालोखाल ‘लहवॉड’, म्हणजे अर्धी बोट. मग चोवीस ते अठ्ठावीस फुटांची ‘ग्लोत्योग’ आणि साधारण तेवढाच, पण वेगळ्या शिडाचा ‘पूकॉन’. आमच्या शेडमध्ये आहे ती ग्लोत्योग. पुढचं टोक पाणी कापणारं, मग अंग एकदम फुगतं आणि वर काठाकडे येताना परत आत वळतं, भरल्या घागरीसारखं. या बोटी कागदावरच्या नकाशावरून बांधल्याच जात नसत. कार्नाजवळच्या माइनिश बेटावरच्या केसी घराण्यासारखी सुतारांची घराणी होती, आणि बापाचा अंदाज मुलाच्या डोळ्यात उतरत असे.

फोटोत येत नाही ते तिचं काम. गॉलवेच्या खाडीच्या तोंडाशी असलेली ॲरन बेटं सगळी चुनखडीच्या कातळाची. तिथे दलदल नाही, म्हणून टर्फ, म्हणजे दलदलीतली जाळायची माती, नाही, आणि झाडंही जवळपास नाहीत. मग चूल पेटायची कशावर? खाडीच्या उत्तरेकडच्या कॉनेमारातली माणसं दलदलीतून टर्फच्या विटा कापायची, वाळवायची, आणि बॉड मोर एका खेपेला बारा-पंधरा टन टर्फ भरून बेटांवर न्यायची. खाडीच्या दक्षिणेला किनव्हारा आणि बरेनचा भागही असाच कातळाचा, त्यामुळे तिकडेही खेपा चालायच्या. परतताना चुनखडीचे दगड यायचे, कारण कॉनेमाराची माती आम्लधर्मी, चुना घातल्याशिवाय तीत काही धड पिकत नाही. एकाकडे जळण नाही आणि दुसऱ्याकडे चुना नाही, या दोन उणिवांच्या मध्ये ही बोट पिढ्यान्‌पिढ्या जा-ये करत राहिली. तिच्यावर घरं उबदार राहिली, तिच्यावर शेतं उभी राहिली. क्लाडाचे कोळी हिच्यातूनच मासेमारीला जात. त्यांचा वेगळा राजा असे, आणि त्याचं शीड पांढरं असे असं इथले लोक सांगतात. त्यांची गवती छपराची वस्ती १९३०च्या दशकात पाडली गेली. आज तिथे सरकारी घरं आहेत.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. रस्ते झाले, ट्रक आले, बेटांवर गॅसच्या टाक्या पोचल्या. १९७०च्या दशकापर्यंत टर्फच्या खेपा थांबल्या. लाकडी बोटीला काम नसलं की ती चिखलात आडवी होते, उन्हाने फळ्या आकसतात, फटींतून गवत उगवतं. कितीतरी हुकर अशाच गेल्या. मग काही माणसं हट्टाला पेटली. १९७८ मध्ये हुकरवाल्यांची संघटना उभी राहिली आणि १९७९ मध्ये किनव्हाराला ‘क्रुन्यू ना मॉड’ सुरू झालं, बोटींचा मेळा. तो आजही ऑगस्टमध्ये भरतो, आणि टर्फ भरलेल्या बोटी कॉनेमाराहून किनव्हाराच्या धक्क्याला येतात. १९८६ मध्ये ‘सेंट पॅट्रिक’ नावाची हुकर अटलांटिक ओलांडून अमेरिकेला जाऊन आली. क्लाडाच्या नाविकांच्या संस्थेने ‘लव्हीन’ नावाची जुनी ग्लोत्योग पुन्हा पाण्यात आणली. हे सगळं सुट्टीच्या दिवशी, घरचं खाऊन केलेलं काम आहे.

आता त्या लाल रंगाचं. मला वाटायचं, शोभेसाठी असेल. शेडमधल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं तेव्हा मी हातातलं काम थांबवलं. शिडं पूर्वी सुती किंवा अंबाडीच्या धाग्याच्या कापडाची. खाऱ्या ओलीने ती कुजतात, म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात ती भिजवून काढत. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन-आयर्लंडच्या मासेमारी बंदरांत सालीच्या जागी एक नवी वस्तू आली. तिला ते ‘कच’ म्हणत. पूर्वेकडून, ब्रह्मदेश आणि हिंदुस्थानातून, तिचे घट्ट काळपट तांबडे गोळे यायचे. कढईत पाणी उकळून त्यात ते विरघळवायचे आणि शिडं, जाळी, दोर सगळं त्यात बुडवून काढायचं.

तो कच म्हणजे आपला कात. खैराचं गाभ्याचं लाकूड तासून, उकळून, आटवून केलेला, विड्यात घालतो तोच. ज्यांच्या नावातच तो आहे त्या आपल्या कातकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात भट्ट्या लावून केलेला तोच. या खाडीतल्या एखाद्या शिडाला रायगडच्या खैराचाच रंग चढला होता असा माझा दावा नाही. बहुतेक माल ब्रह्मदेशचा असे. पण इथल्या समुद्रावरचा हा रंग, ज्याच्यापुढे उभं राहून आपण फोटो काढतो, तो आपल्या जंगलातल्या झाडाशी नातं सांगणारा आहे. आज शिडं कृत्रिम धाग्याची आहेत, कुजण्याची भीती उरलेली नाही, तरी रंग त्यांनी तोच राखलाय. ‘आपलं काय त्यात’ याचं हे एक उत्तर झालं. मला ते आवडतं. पण केवळ तेवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसलो नसतो.

शेडमधली एक सकाळ सांगतो. फेब्रुवारी होता, बाहेर आडवा पाऊस. एक फळी बसवायची होती, लार्चच्या लाकडाची, सव्वा इंच जाड, चौदा फूट लांब. बोटीच्या पुढच्या फुगीर अंगावर सरळ फळी वळणार कशी? तिला वाफ द्यायची. लांबट लाकडी पेटीत फळी सरकवायची, पेटीत वाफेची नळी सोडायची आणि इंचाला एक तास या हिशोबाने थांबायचं. सव्वा तास आम्ही आठ जण मोजे घालून उभे. एक निवृत्त शिक्षिका, एक पोलिश वायरमन, मुलाला सोबत घेऊन आलेली एक युक्रेनियन बाई, एक ब्राझीलचा पोरगा, विद्यापीठातले दोघे, सत्तरी ओलांडलेला मुख्य सुतार आणि मी. सुताराने पेटीचं झाकण काढलं आणि ओरडला, ‘अनिश!’ म्हणजे आत्ता. वाफेच्या लोटातून फळी बाहेर आली ती ओल्या चामड्यासारखी लवचिक. मिनिटा-दोन मिनिटांत ती पुन्हा लाकूड होते, तेवढ्यात तिला जागेवर नेऊन पुढून मागे दाबत, क्लॅम्प आवळत न्यायचं. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं, सांगायला वेळच नव्हता. माझ्या खांद्याला त्या युक्रेनियन बाईचा खांदा लागलेला, दोघांचा भार त्या गरम फळीवर. शेवटचा क्लॅम्प आवळला गेला आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. या देशात येऊन मला अकरा वर्षं झाली. त्या सकाळी मी इथल्या माणसांत पहिल्यांदा उभा होतो.

माझ्या हातून चूकही झाली. दुपारच्या घाईत मी एका सांध्यावर डांबर चढवलं आणि खालची फळी ओली होती. ओल्या लाकडावर डांबर धरत नाही. पुढच्या शनिवारी ते पापुद्र्यासारखं सुटून आलं. सुतार रागावला नाही. त्याने माझा तळहात त्या फळीवर टेकवला, मग दोन फूट पलीकडे कोरड्या फळीवर टेकवला. ओली फळी जास्त गार लागते. एवढंच त्याला दाखवायचं होतं. मग मी चार फूट सांधा खरवडत होतो तोवर तो दिवा धरून बाजूला बसून राहिला.

अशा कामाला आयरिशमध्ये ‘मेहल’ म्हणतात. एकाच्या शेतावर सगळ्यांनी जायचं, मग दुसऱ्याच्या, पैशाचा व्यवहार नाही, जेवण मात्र घरधन्याचं. ऐकताच मला घाटावरच्या आत्याच्या गावची इरजिक आठवली. शब्द दोन, चाल एकच.

आणि आठवले माझे आजोबा. ते फत्तेमारीवर तांडेल होते. मंगळूरची कौलं भरून मुंबईला न्यायची, वाटेत देवगडला दोन रात्री घरी. माझ्या जन्मापर्यंत कौलं ट्रकने जाऊ लागली होती. फत्तेमारी खाडीत बांधलेली राहिली, एक पावसाळा, दोन पावसाळे, मग ती फोडली. कोणाचंही चुकलं नव्हतं. घर चालवायचं होतं, आणि जुन्या सागाला चांगला भाव मिळाला. दोन फळ्या तेवढ्या घरी आल्या. मी त्या बोटीला ओळखतो ते आमच्या गोठ्याचं दार म्हणून. त्या दारावर खिळ्यांची भोकं होती, सारख्या अंतरावर, आणि आजोबा दार लावताना त्यांवरून अंगठा फिरवायचे. सांध्यात कापूस कसा ठासायचा, हातोडीचा आवाज बदलला की सांधा भरला हे कसं ओळखायचं, हे त्यांना येत होतं. मला त्यांनी ते शिकवलं नाही, कारण शिकवायला बोटच नव्हती. तो आवाज मी इथे ऐकला, चाळिसाव्या वर्षी. आधी बद्द वाजतं, मग हळूहळू खणखणीत होत जातं.

म्हणून मला या लोकांची घाई कळते. आमच्या शेडमध्ये ज्यांना खरंच काम येतं असे तिघे आहेत आणि तिघेही साठीपुढचे. पैसा अधूनमधून मिळतो. अनुदान येतं, लोक देणग्या देतात. डांबर आणि लाकूड विकत मिळतं. हात मिळत नाहीत. गावातली तरुण पोरं डब्लिनला, नाहीतर ऑस्ट्रेलियाला. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको, आपणही कुणाच्या तरी गावातून असेच उठून आलेले आहोत.

मुलांबद्दलही बोलायला हवं. आपली मुलं शाळेत आयरिश शिकतात आणि आपण घरी म्हणतो, ‘याचा पुढे उपयोग काय?’ माझ्या मुलीलाही तो गृहपाठाचाच विषय होता. बोटीवर मात्र सगळ्या गोष्टींना आयरिश नावं आहेत आणि ती माहीत नसली तर चुकीचा दोर हातात येतो. शीड म्हणजे ‘शोल’. डोलकाठी म्हणजे ‘क्रान’. ती नऊ वर्षांची पोर पळत येऊन मला सांगते, ‘बाबा, क्रान म्हणजे झाड पण! हे डोलकाठीला झाडच म्हणतात.’ मी म्हटलं, ‘आपण काठी म्हणतो, म्हणजे झाडाची फांदी तरी झालीच.’ आता ती तीन भाषांत बोटीचे भाग सांगते, आणि सुतार तिला मराठी शब्द विचारून घेतो.

१६ जुलैला कार्नासमोरच्या मॅक दारा बेटावर जत्रा असते. संत मॅक दारा हा दर्यावर्दींचा रखवालदार. बेटावर त्याचं दगडी देऊळ आहे. त्यावरून जाताना बोटी तीनदा शीड खाली झुकवतात, अशी जुनी रीत. गेल्या वर्षी मी ते पाहिलं. नारळी पौर्णिमेला होडीतून नारळ सोडताना आजी हात जोडायची, तेव्हा तिचा चेहरा असायचा तसेच तिथे बोटीवरचे चेहरे होते.

एक अवघड गोष्टही लिहितो. २०२५च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये आपल्या भारतीय माणसांवर हल्ले झाले, दूतावासाने सूचना काढली, आणि आपण संध्याकाळी लवकर घरी यायला लागलो. मीही लागलो. आपले कार्यक्रम आणखी आपल्यापुरते झाले, दारं आणखी बंद झाली. बोटीला डांबर लावल्याने रस्त्यावरचा मारहाण करणारा माणूस सुधारेल असं मी म्हणत नाही. पण त्या आठवड्यात मला पहिला फोन आला तो सुताराच्या बायकोचा. ‘तुम्ही सगळे ठीक आहात ना? पोरीला आणायला मी जाऊ का?’ दहा वर्षं मी या देशात नुसता नोकरी करत होतो तेव्हा असा फोन करणारं इथलं कोणी मला नव्हतं.

गॉलवेपासून लांब राहणाऱ्यांनीही हे आपल्यापुरतं समजावं. लिमरिककरांनो, ‘आयलन’ ही शिडाची बोट तुमचीच आहे. लिमरिकच्याच कॉनर ओब्रायनने तिची आखणी केली, १९२६ मध्ये वेस्ट कॉर्कमधल्या बाल्टिमोरला ती बांधली गेली, आणि क्लिअर बेटावरच्या दोघांना सोबत घेऊन त्याने ती थेट फॉकलंड बेटांना नेली. तिथे माणसं, मेंढ्या, सामान वाहत तिने पुढची सत्तर-एक वर्षं काढली. १९९७ मध्ये ती परत आणली. तिचे भाग लिमरिकच्या एका शाळेत लाकूडकाम शिकायला आलेल्या साध्या माणसांनी घडवले. २०१८ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली आणि पुढच्याच वर्षी ग्रीनलंडला जाऊन आली. कॉर्ककरांनो, आता ती तुमच्या किन्सेलच्या बाजूने माणसांना समुद्रावर नेते, मन खचलेल्यांना, व्यसनातून बाहेर येऊ पाहणाऱ्यांनाही. आणि डब्लिनकरांनो, क्लॉनडॉल्किनच्या लोकांनी समुद्रापासून दूर, शहराच्या पोटात ‘नीव्ह क्रोनॉन’ ही अख्खी हुकर बांधली आणि १९९७ मध्ये पाण्यात सोडली. क्लॉनडॉल्किनला आपली किती घरं आहेत आज!

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक मंडळाने ऑक्टोबर ते एप्रिल महिन्यातून एक शनिवार आपापल्या जवळच्या बोटीला चार माणसं द्यावीत. दर वेळी तीच चार नकोत, आलटून पालटून चालतील. पोहता येत नसलं तरी हरकत नाही, शेड जमिनीवर आहे. सुतारकाम येत नसलं तरी चालेल, खरवडायला आणि झाडायला कधीच कोणी पुरत नाही. बायकांनी यावं, आमच्याकडे सांधे भरण्यात सगळ्यांत नेटका हात त्या निवृत्त शिक्षिकेचा आहे. मंडळाची वार्षिक सहल ऑगस्टमध्ये किनव्हाराला न्यावी. आणि मेहलीत जेवण घालायची पाळी येते तेव्हा ती आपण उचलावी. मी एकदा वाटाण्याची उसळ आणि पाव घेऊन गेलो होतो, पातेलं धुवायलाही लागलं नाही.

आमची ग्लोत्योग गेल्या मे महिन्यात पाण्यात उतरली. एक गोष्ट मला माहीत नव्हती. जमिनीवर बरेच दिवस राहिलेली लाकडी बोट पहिल्यांदा पाण्यात गेली की गळते. फळ्या वाळून आकसलेल्या असतात, त्या पाणी पिऊन फुगेपर्यंत सांधे मिटत नाहीत. त्या रात्री आम्ही पाळीपाळीने धक्क्यावर बसून पंप मारत होतो. दोन वाजता माझी पाळी, सोबत ब्राझीलचा पोरगा. दर अर्ध्या तासाने टॉर्च लावून तळाशी पाणी किती हे बघायचं. तीनला घोट्याइतकं. चारला जरा कमी. पाचला उजाडायला लागलं तेव्हा मी हात घालून पाहिलं, फळ्यांचे सांधे बोटाला लागेनात इतके घट्ट मिटले होते. उन्हाळाभर ती खाडीत फिरली, शाळेच्या मुलांना घेऊन, म्हाताऱ्यांना घेऊन. आता पुन्हा वर काढली आहे. सुकाणूच्या बाजूच्या तीन फळ्या बदलायच्या आहेत.

शनिवारी साडेनऊला शेड उघडतं. पत्ता मंडळांच्या गटावर टाकतो. जुने कपडे घालून या, डांबराचे डाग निघत नाहीत. चहा तिथे असतो, आलं मी आणतो.

तुमच्यातलाच एक,
गॉलवे